चित्रावरून गोष्ट आणि गोष्टीवरून निकाल

पावसाळा सरत आला कीं आपल्याकडे कथास्पर्धांना ऊत येतो. १९०९ सालीं ‘मनोरंजन’ मासिकानें दिवाळी अंक काढला तेव्हांपासून दिवाळी आणि गोष्ट यांची जी गांठ पडली ती अद्याप सुटलेली नाहीं. आणि अंकांच्या पाठोपाठ स्पर्धा, स्पर्धांच्या पाठोपाठ परीक्षक व परीक्षकांच्या पाठोपाठ नाराजी हा क्रमही आतां रूढ होऊन बसला आहे. या स्पर्धांतील एक प्रकार विशेष लोकप्रिय आहे. एक चित्र किंवा छायाचित्र छापावयाचें, त्यावरून हजार-दीड हजार शब्दांची गोष्ट मागवावयाची, आणि तीन परीक्षक बसवून पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावावयाचे. नवोदितांस कागदाकडे वळविण्याचा हा उपाय चांगला आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करतों. विषय सुचत नाहीं ही नवख्या लेखकाची नित्याची सबब चित्र एका क्षणांत हिरावून घेतें. आमची तक्रार चित्राविरुद्ध नाहीं, स्पर्धेविरुद्धही नाहीं. ती आहे परीक्षकांविरुद्ध. आणि आम्हीही त्यांच्यांपैकींच एक असल्यामुळें ती सर्वांआधीं आमच्याविरुद्धच आहे.

गतवर्षीं एका संस्थेच्या अशाच स्पर्धेंत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जें तेथें घडलें तें कोठेंही घडतें. चित्र असें होतें: एका लहानशा रेल्वे स्टेशनाचा ओला फलाट, त्यावर एक रिकामें बाक, बाकावर एक मिटलेली काळी छत्री, वर पावणेसहा वाजल्याचें दाखविणारें घड्याळ, आणि दूर पाठमोरी चाललेली एक मुलगी. चित्राबरोबर आम्हांस गुणांचा एक तक्ता देण्यांत आला. शंभर गुणांपैकीं चाळीस ‘चित्राशीं सुसंगति’ या सदरास, आणि कल्पकता, भाषा व शेवट यांस प्रत्येकीं वीस. तक्ता पाहून आम्हांस त्या वेळीं कांहींच वावगें वाटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

गोष्टी शंभरावर आल्या. त्यांपैकीं बहुसंख्य गोष्टींतील मुलगी आपल्या प्रियकराची वाट पाहत होती, आणि तो बहुधा अपघातांत दगावला होता. कांहीं गोष्टींत ती स्वतःच दगावलेली होती व शेवटच्या ओळींत तिचे पाय उलटे निघाले. कांहींत हें सर्व स्वप्न होतें. ज्या गोष्टीस पहिलें पारितोषिक मिळालें तींत बाक होतें, छत्री होती, घड्याळ होतें, घड्याळांतील पावणेसहाही होते. फलाटाचा ओलेपणा तर दोनदां आला होता. एकही वस्तु सुटली नव्हती. पोलिसांच्या पंचनाम्यांतही इतकी दक्षता क्वचितच आढळते.

आमच्या मनांत जी गोष्ट राहिली ती निराळीच होती. एका तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या तोंडाशीं दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरीस छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा येऊन बसतो. एक बाई नवऱ्याची छत्री त्याच्याकडे टाकून जाते. काडी मोडलेली, कापड धड. ‘ते संध्याकाळच्या गाडीनें आले कीं घेऊन जातील,’ असें सांगते. न्यावयास कोणी येत नाहीं. पुढल्या मृगाला म्हातारा त्या छत्रीच्या काड्यांना तेल लावून ठेवतो; त्याच्या पुढल्याही मृगाला लावतो. चौथ्या वर्षीं दहा-बारा वर्षांची एक मुलगी दुसरीच छत्री घेऊन येते, टांगलेल्या त्या छत्रीकडे बराच वेळ पाहते, आणि त्यानें विचारलें असतां ‘आमची नव्हे’ म्हणून स्टेशनाच्या रस्त्याला लागते. म्हातारा छत्री घेऊन मागोमाग जातो. फलाटावर मुलगी मागें वळून पाहत नाहीं. तो छत्री बाकावर ठेवतो आणि परत येऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाची छत्री हातांत घेतो. गोष्ट संपली. मुलीनें ओळख कां नाकारली, नवरा मेला कीं सोडून गेला, हें लेखिकेनें सांगितलें नाहीं, आणि सांगावयास हवें होतें असें आम्हांस क्षणभरही वाटलें नाहीं.

या गोष्टीस ‘चित्राशीं सुसंगति’ या सदरांत चाळीसांपैकीं चार गुण मिळाले. आमच्या सहपरीक्षकांचें म्हणणें एका वाक्यांत सांगण्यासारखें होतें: ‘गोष्ट चांगली आहे, पण चित्राची नाहीं.’ घड्याळ नाहीं, पाऊस नाहीं, आणि फलाट तर शेवटच्या चार ओळींत. आम्हीं तिची बाजू दोनदां मांडली; तिसऱ्यांदां मांडावयाची तों चहा आला, आणि आम्हीं निकालपत्रावर सही केली. हा लेख त्या सहीचें प्रायश्चित्त आहे असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. गोष्ट ‘चित्राची’ असते म्हणजे काय असते? चित्रांतील जितक्या अधिक वस्तु गोष्टींत येतील तितकी ती अधिक चित्राची, असें आमच्या तक्त्याचें गृहीत होतें. परंतु वस्तूंची हजेरी घेणें हें वर्णनाचें काम आहे, कथेचें नव्हे. शाळेच्या मराठीच्या तासालासुद्धां चित्राचें वर्णन आणि कथालेखन हीं दोन कामें निराळीं मानतात. मग जो भेद मुलांना कळतो तो परीक्षकांना कां कळूं नये? लेसिंग या जर्मन टीकाकारानें १७६६ सालीं ‘लाओकून’ या आपल्या प्रबंधांत या भेदाची चर्चा केली आहे. चित्रकाराच्या हातीं स्थळ असतें आणि काळाचा एकच क्षण असतो. कवीच्या हातीं एकामागून एक घडणाऱ्या क्रिया असतात. म्हणूनच चित्रकारानें असा क्षण निवडावा कीं त्याच्या आधींचें व नंतरचें पाहणाराला कल्पितां यावें. हें मान्य केलें म्हणजे पुढची गोष्ट ओघानेंच येते. चित्रकार कथाकारास जें देतो तें बाक किंवा छत्री नव्हे. त्या क्षणाच्या दोहों बाजूंचा अंधार देतो. त्या अंधारांत जो उतरला तो चित्राशीं प्रामाणिक राहिला. जो उजेडांतल्या वस्तु मोजीत बसला त्यानें चित्राची नक्कल केली, आणि तीही शब्दांत, म्हणजे मुळाहून उणी.

परदेशी टीकाकाराची साक्ष ज्यांस नको असेल त्यांनीं भवभूतीकडे जावें. ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गत आयुष्यांतील प्रसंगांचीं चित्रें पाहत आहेत. विवाहाच्या चित्रापाशीं लक्ष्मण सीता, मांडवी, श्रुतकीर्ति यांना दाखवितो आणि ऊर्मिलेला गाळतो. सीता थट्टेनें विचारते, ही आणखी एक कोण? लक्ष्मण ओशाळतो आणि परशुरामाच्या चित्राकडे वळतो. शूर्पणखा दिसतांच सीता दचकते. हें केवळ चित्र आहे याची आठवण रामास करून द्यावी लागते. आणि सर्व चित्रें पाहून झाल्यावर तिला पुन्हां वनांत जाण्याची, भागीरथीच्या पाण्यांत उतरण्याची इच्छा होते. पुढें लोकापवादाची वार्ता आल्यावर नेमकी हीच इच्छा तिच्या त्यागाचें साधन बनते. पाहा, चित्रांनीं येथें किती कामें केलीं! लाज उत्पन्न केली, भय उत्पन्न केलें, ओढ उत्पन्न केली, आणि ती ओढच संकटाच्या स्वाधीन केली. चित्रांत काय काय रंगविलें होतें याची संपूर्ण यादी मात्र भवभूति कोठेंच देत नाहीं. हा अंक आमच्या स्पर्धेस आला असता तर तक्त्याप्रमाणें त्याचे काय झालें असतें हें सांगावयास नको. चित्रांत ऊर्मिला स्पष्ट दिसत असून नांव गाळलें, सबब इतके गुण वजा!

शास्त्री-पंडितांस सोडून लोककलेकडे वळलें तरी हेंच दिसतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. त्या कार्यासाठीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रकथी पोथीचें एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरतो आणि रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगतो. चित्र हातांत स्थिर असतें, कथा मात्र चालत असते. श्रोत्यांस जें डोळ्यांनीं दिसतें तें पुन्हां शब्दांनीं दाखविण्यांत तो वेळ दवडीत नाहीं. दिसत नाहीं तें सांगतो. त्याच्यापुढें बसलेल्या खेडुताला जी गोष्ट उपजत समजते ती समजण्यासाठीं आम्हां सुशिक्षितांस तक्ते करावे लागतात, आणि तक्ते केल्यावर तर ती मुळींच समजेनाशी होते.

चित्राच्या मागें लेखणीला बांधल्यानें काय होतें आणि दोरी सुटल्यानें काय होतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण इंग्रजींत आहे. १८३६ सालीं चॅपमन आणि हॉल या प्रकाशकांनीं चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सला बोलावणें पाठविलें तें स्वतंत्र कादंबरीसाठीं नव्हे. रॉबर्ट सीमूर या चित्रकाराच्या विनोदी चित्रांना जोडून मजकूर हवा होता. शिकारीची हौस असलेल्या, पण त्यांत हटकून फजीत होणाऱ्या शहरी मंडळींची ती चित्रें व्हावयाचीं होतीं. डिकन्सनें तेथेंच अट घातली कीं चित्रांनीं मजकुरांतून निघावें, मजकुरानें चित्रांतून नव्हे. सीमूरच्या सोयीसाठीं म्हणून त्यानें विंकल हें एक पात्र तेवढें ठेवलें. त्याच वर्षीं सीमूरचा दुर्दैवी अंत झाला. त्या दुःखद घटनेचा संबंध आमच्या मुद्द्याशीं जोडण्याचें कारण नाहीं. परंतु ‘पिक्विक पेपर्स’ ज्याच्यामुळें घरोघर गेले तो सॅम वेलर सीमूरच्या एकाही चित्रांतून आलेला नाहीं, हें विसरतां येणार नाहीं. चित्रावरून सुरुवात झाली होती हें खरें. पण आज कोणी त्या पुस्तकास ‘चित्राशीं सुसंगति किती’ असें विचारतो काय?

आमच्या विरुद्ध तीन आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. कारण त्या दिवशीं चहाच्या आधीं ते आले होते.

पहिला आक्षेप असा कीं चित्राचें बंधन सैल केलें तर लोक जुन्या, पडून राहिलेल्या गोष्टींस दोन वाक्यें चिकटवून पाठवितील. पाठवितील, यांत शंका नाहीं. परंतु चिकटविलेलें वाक्य ओळखतां येत नसेल तर आपण परीक्षक कशाला झालों? आणि उलटपक्षीं, यादी मागणारा तक्ता तरी या लबाडीस अडवितो काय? जुन्या गोष्टींत एक बाक, एक घड्याळ व एक छत्री घुसडावयास अर्धा तास पुरतो. तक्ता फक्त प्रामाणिक माणसास अडवितो. कारण तोच एकटा छत्रीपाशीं थांबून विचार करीत बसलेला असतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा. सर्वांस एकच चित्र दिलें म्हणजे सर्वांची कसोटी एक होते, आणि कसोटी सोडली तर तुलना कशानें करावयाची? यास आमचें उत्तर असें कीं एकच चित्र अनेकांस देण्याचा हेतु मुळांत उलटा आहे. हार्वर्डमध्यें हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनीं १९३५ सालीं चित्रावरून गोष्ट सांगविण्याची मानसशास्त्रीय कसोटी पुढें मांडली. चित्र एकच ठेवलें म्हणजे सांगणाऱ्यांतला फरक उघडा पडतो, हें त्या कसोटीचें मर्म. तिच्या संचांत एकतीस पत्ते आहेत व त्यांतील एक कोरा आहे. आपल्या सैन्यदलांत अधिकारी होऊं पाहणारे तरुण हीच परीक्षा देतात: तीस सेकंद चित्र पाहावयाचें, चार मिनिटांत गोष्ट लिहावयाची, आणि अखेरचा पडदा कोराच. ज्या परीक्षेंत कोऱ्या पडद्यावरूनही गोष्ट मागतात तिला चित्र हें निमित्त आहे हें कळलेलें असतें. सैन्याला जें कळलें तें साहित्यसंस्थांना कळूं नये, हा कोणता न्याय?

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें, आणि आतां यंत्रास चित्र दाखविलें कीं तें मिनिटाभरांत गोष्ट लिहून देतें. तेव्हां चित्राचें बंधन कडक असलेलें बरें, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तर याच्या अगदीं उलट वाटतें. यंत्रास सर्वांत सुलभ काम कोणतें तर समोरच्या चित्रांतील एकही वस्तु न विसरतां ती मजकुरांत बसविणें. म्हणजे ज्या चाळीस गुणांच्या भिंतीनें आपण यंत्रास बाहेर ठेवूं पाहतों, त्या चाळीस गुणांची थाळी आपणच त्याच्यापुढें वाढून ठेवली आहे. यंत्र कोण आणि माणूस कोण हें ओळखण्याची विद्या आमच्यापाशीं नाहीं; पण यंत्रालाच जी वाट सोपी ती माणसाच्या परीक्षेची वाट होऊं नये, एवढें समजण्यास विद्या लागत नाहीं.

आणखी दोन दोषांचा उल्लेख थोडक्यांत करतों. ‘शेवट’ या सदराचे वीस गुण म्हणजे धक्क्याचे वीस गुण, असा समज लेखकांचा व परीक्षकांचा दोघांचाही झाला आहे. उलट्या पायांचीं भुतें त्यांतूनच जन्मास येतात. दुसरा दोष बेरजेचा. एका गोष्टीस तीन परीक्षक दहापैकीं नऊ, नऊ आणि तीन देतात. दुसरीस सात, सात आणि आठ. बेरजेनें दुसरी जिंकते, एकवीसांस बावीस. ज्या गोष्टीनें दोघांस भारलें ती हरली, आणि जिनें कोणासच भारलें नाहीं ती पहिली आली! वर्षानुवर्षें असें चालल्यावर स्पर्धांतून एकसारख्या, गुळगुळीत गोष्टी निघतात म्हणून हळहळण्यांत काय अर्थ? आपणच त्या बेरजेनें निवडून काढलेल्या आहेत.

मग चित्राशीं गोष्टीचें नातें पाहावयाचेंच नाहीं काय? अवश्य पाहावें, पण गुण देऊन नव्हे, आणि यादी करून तर नव्हेच. आमची कसोटी एकच आहे. गोष्ट वाचून संपली कीं परीक्षकानें चित्र पुन्हां हातीं घ्यावें आणि स्वतःस विचारावें: हें चित्र मघांचेंच राहिलें आहे काय? छत्रीवाल्याची गोष्ट वाचल्यावर आम्हीं तें चित्र पुन्हां पाहिलें, तेव्हां त्या मुलीची पाठ ही निव्वळ पाठ राहिली नव्हती. ती न वळण्याचा निश्चय झाली होती. बाकावरची छत्री विसरलेली नव्हती, ठेवलेली होती. पारितोषिकप्राप्त गोष्टीनंतर चित्र पाहिलें तर तें होतें तसेंच होतें. सर्व वस्तु जागच्या जागीं. ज्या गोष्टीनें चित्र बदललें ती चित्राची गोष्ट. ही कसोटी चिकटविलेल्या जुन्या गोष्टीसही पुरी पडते, कारण चिकटविलेल्या वाक्यानें चित्र बदलत नाहीं.

यावरून स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांस आमच्या चार सूचना आहेत. चित्राशीं संबंध ही प्रवेशाची अट असावी. ती पाळली कीं नाहीं याचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच द्यावें, त्यास गुण ठेवूं नयेत. क्रमांक बेरजेनें न लावतां प्रत्येक परीक्षकानें आपल्या आवडीच्या तीन गोष्टींची लेखी बाजू मांडावी आणि मग चर्चेनें निकाल करावा. चहा निकालानंतर द्यावा. ज्या परीक्षकाचें मत मान्य झालें नाहीं त्याचें मतही निकालाबरोबर छापावें. वाचकांस त्यांत गोडी वाटेल आणि परीक्षकांस धाक. आणि चित्र निवडतांना जेथें सर्व कांहीं सांगून झालेलें आहे असें चित्र टाळावें. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या अमेरिकन चित्रकारानें १९८४ सालीं ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ या नांवानें चौदा चित्रें प्रसिद्ध केलीं. प्रत्येकाखालीं एक शीर्षक आणि एखादी ओळ, गोष्ट मात्र नाहीं. २०११ सालीं त्याच चौदा चित्रांवर चौदा लेखकांच्या गोष्टींचें पुस्तक निघालें. प्रौढ, नामांकित लेखकांसही ज्या चित्रांनीं मोह घातला तीं अपुरीं होतीं म्हणूनच घातला.

या सर्वांचा उपद्व्याप कशासाठीं, एका हौशी स्पर्धेचा निकाल तो काय, असें कोणी म्हणेल. पारितोषिकाची रक्कम खरोखरच क्षुल्लक होती. परंतु नवख्या लेखकाच्या आयुष्यांत परका वाचक प्रथम येतो तो बहुधा अशा स्पर्धेच्या परीक्षकाच्या रूपानें. घरचे लोक कौतुक करतात, त्याची किंमत त्यास ठाऊक असते. परक्याचा शब्द तो वर्षानुवर्षें मनांत ठेवतो. ज्यानें छत्रीपाशीं थांबून विचार केला त्यास चाळीसांत चार आणि ज्यानें सर्व वस्तु मोजल्या त्यास पहिला क्रमांक, हा निकाल वाचून तो काय शिकतो? पुढल्या वर्षीं मोजावयास शिकतो. अथवा लिहिणें सोडतो. पहिल्यानें साहित्याचें नुकसान होतें आणि दुसऱ्यानें त्या माणसाचें.

निकालानंतर पाकिटें फोडलीं तेव्हां ती गोष्ट एका बाईंची आणि त्यांची पहिलीच असल्याचें कळलें. त्यांस चार ओळी लिहाव्या म्हणून आम्हीं संस्थेकडे पत्ता मागितला. नियमांत तशी सोय नसल्याचें उत्तर आलें, आणि तें नियमास धरूनच होतें. म्हणून त्या चार ओळी येथेंच लिहितों. बाई, तुमची गोष्ट चित्राचीच होती. तिला चार गुण देणारांच्या कागदावर आमचीही सही आहे, आणि ती चुकीची होती. या वर्षींचें चित्र प्रसिद्ध झालें आहे. तुम्हीं पुन्हां लिहावें. आम्हीं परीक्षक होण्याचें याही वर्षीं मान्य केलें आहे, पण तक्ता काढून टाकण्याच्या अटीवर. अट मान्य झाल्याचें पत्र अद्याप आलेलें नाहीं.